धुऱ्यावरचा दगड आणि गॅलरीतला खोका

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातले रिठद असो की आसपासचे दुसरे कुठले गाव, शिवारात धुऱ्यावर, निंबाखाली किंवा विहिरीच्या काठी शेंदूर फासलेला एखादा दगड असतोच. कुणाचा तो मुंजा, कुणाचा म्हसोबा, पाण्याजवळ असला तर आसरा. त्याला नाकडोळे नसतात, छिन्नी लागलेली नसते. भोवतालच्या काळ्या रानात नांगराला अडकून वर येतात तसल्याच दगडांपैकी तो एक. तरीही पेरणीआधी त्याच्यापुढे नारळ फुटतो, सोंगणी आटोपल्यावर त्याला नैवेद्य जातो. आणि त्याच्याच शेजारी निघालेला दुसरा दगड मात्र बांधाला लागतो. शेंदूर सोडला तर दोघांत डोळ्यांना दिसेल असा फरक नाही. मग एक देव कशाने झाला आणि दुसरा दगडच का राहिला? हा प्रश्न धर्माचा आहे, कलेशी त्याचा संबंध नाही, असे आपण धरून चालतो. पण गेल्या शंभर वर्षांत कलेने स्वतःला जो सर्वांत अवघड प्रश्न विचारला, तो नेमका हाच आहे. आणि त्याचे जे उत्तर कलाविचारात रूढ झाले ते अपुरे आहे, हे धुऱ्यावरचा दगड दाखवू शकतो असे मला वाटते.

१९१७ साली मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताने न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनासाठी बाजारातून आणलेले मूत्रपात्र आडवे ठेवून, त्यावर खोटी सही करून पाठवले. ते तिथे मांडले गेले नाही, पुढे हरवलेही. आज संग्रहालयांत दिसतात त्या नंतर त्याच्या संमतीने केलेल्या प्रतिकृती. १९६४ मध्ये अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने साबणाच्या खोक्यांसारखे हुबेहूब दिसणारे खोके न्यूयॉर्कच्याच एका गॅलरीत रचले, आणि ते पाहून आर्थर डांटो या तत्त्वज्ञाने त्याच वर्षी एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: वाण्याच्या गोदामातला खोका आणि गॅलरीतला खोका यांतला फरक डोळ्यांना सापडणार नाही, तो कलेच्या इतिहासाच्या जाणिवेत आणि कलेविषयीच्या सिद्धांतात असतो. जॉर्ज डिकी या दुसऱ्या तत्त्वज्ञाने हे आणखी कोरडे केले: कलाजगताच्या वतीने कुणीतरी एखाद्या वस्तूला आस्वादासाठी दाखल करून घेतले की ती कलाकृती. नंतरच्या संकल्पनात्मक कलेचा, मांडणशिल्पांचा आणि आजच्या द्वैवार्षिक प्रदर्शनांचा बराचसा डोलारा या समजुतीवर उभा आहे. वस्तूत काही असण्याची गरज नाही, नाव देणारा अधिकारी असला म्हणजे झाले.

मग कुणीही म्हणेल की वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे द्युशाँच्या कितीतरी आधी ठाऊक होते. शेंदराचे बोट लावले की दगडाचा देव होतो. सही केली की भांड्याचे शिल्प होते. ही तुलना आकर्षक आहे आणि आपल्याकडच्या कलाविषयक चर्चेत ती थोड्याफार फरकाने कानावर येतेही. मला ती चुकीची वाटते, कारण तिच्यात शेंदराचे पहिले बोट तेवढे मोजलेले आहे. पहिल्या बोटाने देव होत नाही. पोराने खेळताखेळता दगडाला शेंदूर लावला तर तो देव होत नाही, आणि लावल्यानंतर तीन पावसाळ्यांत कुणी फिरकलेच नाही तर त्या दगडावरचा रंग उडून तो पुन्हा रानात मिसळतो. देवपण येते ते दुसऱ्या, दहाव्या, शंभराव्या बोटाने. बापाने लावला म्हणून लेकाने लावला, जमीन विकली तर घेणाऱ्याने लावला, यातून. ओसाड पडलेल्या गावाला वऱ्हाडात रीठ म्हणतात. अशा रिठावर घरांच्या भिंती मातीला मिळालेल्या असतात, तरी मारुतीचा दगड अनेकदा टिकलेला असतो, आणि त्याला शेजारच्या गावचा कुणी तेल घालत असेल तर तो देव असतो. घालत नसेल तर पुरातत्त्वाचा अवशेष. दगड तोच, स्थान तेच, पूर्वी दिलेले नावही तेच. बदलते ते एवढेच, की त्याचा भार कुणी वाहते आहे की नाही.

वणीच्या सप्तशृंगीचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. २०२२ साली मूर्तीच्या जतनासाठी मंदिर सुमारे दीड महिना दर्शनाला बंद ठेवले आणि पिढ्यान् पिढ्या चढत गेलेले शेंदराचे कवच उतरवले. हजार किलोंहून अधिक शेंदूर निघाला. आतून जे रूप दिसले ते आजवरच्या भाविकांच्या डोळ्यांत असलेल्या रूपापेक्षा वेगळे होते, आणि पुष्कळांना ते पाहून चुकल्यासारखे झाले. नाव दिले की झाले, हा घोषणेचा सिद्धांत इथे काहीच सांगू शकत नाही. खरी मूर्ती कोणती, आतली कोरीव की बाहेरची, असंख्य हातांनी नकळत घडवलेली? माझे उत्तर असे की तो शेंदूर मूर्तीवर साचलेला मळ नव्हता. ती मूर्तीच्या सेवेची वही होती, आणि म्हणून ती उतरवणे आवश्यक असले तरी सोपे नव्हते.

रिसोडला लागून असलेल्या मालेगाव तालुक्यात शिरपूर आहे, अंतरिक्ष पार्श्वनाथांचे. मूर्ती वाळू आणि शेणाची, जमिनीला न टेकता अधांतरी असलेली, अशी आख्यायिका आहे. अशा मूर्तीला ठरावीक काळाने लेप द्यावाच लागतो. आणि दिगंबर व श्वेतांबर या दोन जैन पंथांतला शंभर वर्षांहून जुना वाद याच लेपाभोवती फिरत राहिला आहे: लेप देताना कंबरेचा कडदोरा आणि कासोटा उठवायचा की नाही. १९०५ साली पूजेच्या वेळा वाटून घेतल्या गेल्या, १९२९ मध्ये प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, १९८१ पासून मूर्तीला कुलूप लागले, आणि फेब्रुवारी २०२३ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ते निघाले तेव्हा श्वेतांबरांना लेप करण्याची परवानगी मिळाली. यात कुणाची बाजू बरोबर हे इथे ठरवायचे नाही. मला दिसते ते असे की दोन्ही पंथांनी मालकीच्या कागदाइतकाच लेपाचा हक्क मोलाचा मानला, आणि त्यात एक खोल शहाणपण आहे. जो लेप देतो तो मूर्तीचे रूप पुढच्या पिढीच्या हाती देतो. बेचाळीस वर्षांच्या कुलपाआड मूर्ती शाबूत होती, तिचे नाव शाबूत होते, तिच्यावरची श्रद्धा तर धगधगत होती. नव्हता तो लेप देणारा हात, आणि त्याच हातासाठी दोघे झुरत होते.

संकल्पनात्मक कलेतला सर्वांत प्रामाणिक माणूस, सॉल लेविट, याच जागी येऊन पोचला होता. १९६८ पासून त्याने भिंतीवरची चित्रे केली, म्हणजे चित्र कसे काढायचे याच्या सूचना लिहिल्या. भिंतीवर ती प्रत्यक्ष रेखायची दुसऱ्यांनी. प्रदर्शन संपले की भिंत रंगवून टाकायची, पुन्हा हवे तेव्हा नव्याने काढायचे. २००७ मध्ये तो गेला, पण त्याची चित्रे आजही रेखली जातात. त्याच्याविषयी लिहिताना सगळे त्याचे ते प्रसिद्ध मत पुढे करतात, की कल्पना हेच कलाकृती घडवणारे यंत्र. परंतु यंत्र बंद ठेवले तर काय, हे कुणी विचारत नाही. भिंतीसमोर आठवडाभर उभे राहून जो कुणी हजारो रेघा ओढतो त्याच्या मनगटावाचून लेविटचे चित्र शिरपूरच्या कुलूपबंद मूर्तीसारखे आहे: आहे, पण अंतरले आहे.

इथे एक जबर आक्षेप येतो आणि तो वाशीमच्याच मातीतून येतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त याच नगरीत लावून दिला आहे. या शाखेतला राजा हरिषेण, त्याचा मंत्री वराहदेव, आणि वराहदेवाने दान दिलेले अजिंठ्याचे सोळावे लेणे, ही साखळी शिलालेखाने सिद्ध आहे. त्या लेण्यात आज कुणी भिक्षू राहत नाही, दिवा लागत नाही, पंधराशे वर्षांतली बहुतेक शतके ते ओस पडलेले होते. १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा ब्रिटिश अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तिथे पोचला तेव्हा चित्रांचा भार वाहणारे कुणी उरले नव्हते. तरी ती चित्रे मेली नव्हती. एखाद्या पापणीच्या रेषेने पाहणाऱ्याला आजही थांबवून धरावे, आणि त्या पाहणाऱ्याने बुद्धाचे नाव ऐकलेले असण्याचीही अट नसावी, याचा अर्थ सेवेवाचून काहीतरी टिकते.

आक्षेप मान्य करायला हवा, आणि तो मान्य केल्यावरच युक्तिवाद पुढे सरकतो. देव आणि कलाकृती यांच्यातला खरा फरक इथे आहे. कलाकृतीचा एक हिस्सा तिच्या घडणीत असतो. रेषा, रंग, वजन, प्रमाण यांत तो साठवलेला राहतो आणि काही देणे न लागणाऱ्या परक्यालाही मिळू शकतो. धुऱ्यावरच्या दगडाजवळ असा साठा नाही. त्याला कुणी विसरले की तो गेला. आता पाहा, द्युशाँपासून कलेने जाणूनबुजून टाकून दिला तो हाच साठा. डोळ्यांना सुखावणारी कला त्याला नको होती, आणि त्यामागची त्याची कारणे वजनदार होती. पण त्या त्यागाबरोबर कलाकृतीजवळ उपेक्षेतही टिकणारे काही उरले नाही. खोका, मातीचा ढीग, कागदावरच्या चार ओळींच्या सूचना: या सगळ्यांची अवस्था धुऱ्यावरच्या दगडाची झाली. समकालीन कला अशा रीतीने नकळत धर्माच्या दारात येऊन उभी राहिली. तिने धर्माकडून देव करण्याची हातोटी उचलली, देव झाल्यावर येणारे नित्यकर्म मात्र गॅलरीच्या विम्यावर आणि गोदामाच्या थंड हवेवर सोपवले. प्रदर्शन उठल्यावर कितीतरी मांडणशिल्पांचे नुसते फोटो उरतात, याचे दुःख कलाकाराच्या कमकुवतपणात शोधू नये. देव मांडला आणि पुजारी नेमायचा राहिला, असे ते आहे.

संग्रहालय काळजी घेत नाही का, असे कुणी म्हणेल. घेते, पण तिची दिशा उलटी असते. अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी निजाम सरकारने १९२० नंतरच्या काळात इटलीहून दोन तज्ज्ञ आणले. त्यांनी निसटते रंग धरून ठेवायला जे रोगण लावले ते पुढे पिवळे पडले आणि चित्रे झाकोळली. वस्तू होती तशी गोठवून ठेवायची, ही जतनाची इच्छा. तिच्यात वस्तूचे बदलणे हा पराभव. सेवेत तसे नाही. पंढरपूरच्या विठ्ठलाची पाउले भक्तांच्या स्पर्शाने आणि अभिषेकांनी झिजली, पुन्हा पुन्हा वज्रलेप द्यावा लागला, २०२० मध्येही दिला गेला. पाय झिजवणारे आणि लेप मागणारे लोक तेच आहेत. जीर्णोद्धाराच्या जुन्या विधीत तर भंगलेल्या मूर्तीतले देवत्व कलशात काढून घेण्याची आणि नव्या मूर्तीत न्यास करण्याची तरतूद आहे. वस्तू झिजणार हे तिथे आधीच कबूल आहे. श्रद्धाळू वाचकाची शंकाही इथेच सुटते. देव माणसाच्या सेवेवर अवलंबून, हे ऐकायला त्याला उणे वाटेल. पण परंपरेने देवाला दगडाशी कधी कायमचे बांधलेच नव्हते. आवाहन आणि विसर्जन यांच्यामधल्या मुदतीपुरते बांधले होते, आणि ती मुदत भक्ताच्या हाती ठेवली होती.

सेवेवाचून नुसते चिन्ह उचलल्याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. साठच्या दशकात तंत्रकला म्हणून एक लाट आली. यंत्रे, मंडले, बिंदू, त्रिकोण यांच्यात भारतीय चित्रकारांना स्वतःची अमूर्तता सापडली आणि परदेशी संग्राहकांना भारतीय अध्यात्म. वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात काम करताना प्रभाकर बरवेही या चिन्हांकडे ओढले गेले. त्या लाटेतले बरेचसे काम आज निष्प्राण दिसते, कारण यंत्र हे नुसते बघण्यासाठी नसून त्याच्यापुढे बसून जप करण्यासाठी, पुसण्यासाठी, पुन्हा आखण्यासाठी असते. नुसता आकार भिंतीवर आणला की तो नक्षी होतो. बरवे लवकरच तिथून बाहेर पडले आणि पान, घड्याळ, शिंपला अशा साध्या वस्तूंकडे वळले, हे मला त्यांच्या दृष्टीच्या शुद्धतेचे लक्षण वाटते. दुसरीकडे नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे. त्यांनी चित्रात एकही धार्मिक चिन्ह ठेवले नाही, वर्षाला मोजकीच चित्रे केली, आणि झेन व रमण महर्षींच्या विचारांत रमलेल्या त्या माणसाने वाट पाहणे हाच चित्रकर्माचा मोठा भाग मानला. उपासना तिथे आहे, उपासनेचे चित्र नाही.

आता सर्वांत अवघड गोष्ट. भार वाहण्याने देव होतो असे म्हणणे सोपे आहे, पण गावात हा भार कुणाच्या माथी होता? वेशीबाहेरच्या मरीमायची सेवा वेशीबाहेर ठेवलेल्या माणसांवर होती. पटकी आली की मरीआईचा गाडा त्यांनी हाकायचा, पोतराजाने अंगावर आसूड ओढून घ्यायचा, आणि गावातल्या देवळाची पायरी मात्र त्यांना वर्ज्य. पंढरपूरचे देऊळ त्यांच्यासाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. सेवा जर देवपणाचा उगम, तर एका सेवेतून हाकलणे आणि दुसऱ्या सेवेला जन्माने जुंपणे, हेही त्याच देवपणात मिसळलेले आहे. हा आक्षेप मला उडवून लावता येत नाही, येऊही नये. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि त्यानंतर विदर्भातल्या वेशीबाहेरच्या कितीतरी वस्त्यांनी मरीमायची सेवा टाकली, देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले. सेवा थांबली आणि दगड दगड झाला. माझ्या मुद्द्याची याहून मोठी प्रचिती कुठली असणार, आणि त्याच्यावर याहून मोठा आरोप तरी कुठला? भार ठेवून देणे हेही एक धर्मकृत्य होते, आणि कदाचित त्या शतकातले सर्वांत धीराचे. शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन दगडाच्या देवाला लागणारे तेल-शेंदूर, बकरे, नारळ यांवरून कीर्तनात लोकांना खडसावत होते, आणि त्यांनी धर्मशाळा बांधल्या. सेवा त्यांनी मोडली नाही, तिचा पत्ता बदलला.

म्हणून माझे विधान मला बदलून घ्यावे लागते. वाहिलेला भार पुरेसा नाही. तो पत्करलेला हवा. जन्माने लादलेल्या सेवेतून जे देवपण उभे राहते त्याच्या पायात कुणाची तरी मान असते. हा भेद धर्माने स्वतःहून केला नाही, आणि इथे समकालीन कलेचे देणे मान्य करायला हवे. नागपूरचेच चित्रकार सावी सावरकर गळ्यात मडके आणि मागे झाडू बांधलेला अस्पृश्य पुन्हा पुन्हा रंगवतात, देवदासी रंगवतात. त्यांची रेषा खडबडीत आहे, सुखावण्याचा तिचा हेतूच नाही. पण दगडाजवळ कुणाला येऊ दिले नाही हे शेंदराच्या वहीत कुठेच लिहिलेले नव्हते, ते त्यांनी लिहिले. अजिंठ्याच्या पापणीसमोर परका म्हणून उभे राहता येते. या चित्रांसमोर मराठी माणसाला तसे उभे राहता येत नाही.

पत्करलेल्या भाराचे एक काम युरोपात झाले. योझेफ बॉइस या जर्मन कलाकाराने १९८२ साली कासेल शहरात सात हजार ओक लावण्याचा संकल्प सोडला, आणि प्रत्येक झाडाशेजारी एक काळा बेसाल्टचा दगड उभा पुरायचा असे ठरवले. पाचशे मार्क देऊन कुणीही एक झाड आणि एक दगड आपल्या नावे करू शकत होता. पैशाची अट खटकते खरी, पण जन्माची अट नव्हती. दगडांचा ढीग संग्रहालयापुढे टाकलेला होता, झाड लागेल तसा तो कमी होत होता. बॉइस १९८६ मध्ये वारला. १९८७ मध्ये शेवटचे झाड त्याच्या मुलाने लावले. त्या कलाकृतीला पूर्ण म्हणायचे कधी, हे कुणालाच सांगता येत नाही, कारण झाड वाळले तर दुसरे लावावे लागते आणि ते लावणाऱ्या शहरकर्मचाऱ्याला आपण कला करतो आहोत याचे भान असण्याची गरज नाही. बॉइसने दगडाला शिल्प म्हणून घोषित केले एवढ्यावर हे काम थांबले असते तर आज कासेलमध्ये सात हजार मैलाचे दगड दिसले असते.

बेसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण, सह्याद्रीपासून वऱ्हाडापर्यंत पायाखाली पसरलेला तोच. कासेलमध्ये लावताना दगड छातीइतका आणि रोप काटकुळे होते. आता झाडाच्या बुंध्यापुढे दगड खुजा दिसतो. वऱ्हाडात नेमके उलटे होते आहे. रस्ता रुंद होताना निंब तोडला जातो, आणि दगड मात्र नारळ फोडून, दोघातिघांनी उचलून, पलीकडच्या उघड्या धुऱ्यावर नेऊन ठेवला जातो.